वरणभात, सरप्राइझ आणि मेल्टडाऊन

कुंपणावरची
लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मागच्या आठवड्यात इथल्या फोरमवरच्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं की ऑटिझमवाली मुलं हट्टाने आकांडतांडव करतात. तेव्हा दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आज लिहूनच टाकते.

मी ३७ वर्षांची, ठाण्यात राहते, नोकरी करते, लग्न झालंय आणि मी ऑटिस्टिक आहे. निदान झालं ३४व्या वर्षी. त्यासाठीचा स्वमग्न हा मराठी शब्द मला माझ्यापुरता पटत नाही, कारण स्वतःत मग्न असते तर बरंच झालं असतं, माझं उलटं आहे, बाहेरचं सगळं आत घुसतं आणि दार लावता येत नाही.

तर गेल्या महिन्यातला एक गुरुवार. सकाळची लोकल, गर्दी नेहमीचीच, पण शेजारचीच्या गजऱ्याचा वास आणि पलीकडचीच्या मोबाइलवर इअरफोनशिवाय रील्स, दर पंधरा सेकंदांनी नवीन गाणं. ऑफिसात जागा बदललेली, नव्या जागेच्या वरची ट्यूब फडफडणारी. बाकीच्यांना ती फडफड दिसत पण नव्हती. दुपारी कोणाचा तरी सेंडऑफ, केक, टाळ्या, फोटोसाठी खांद्यावर हात. नव्या कुर्त्याचं मानेमागचं लेबल कापायचं राहिलेलं, ते दिवसभर टोचत होतं. तीन जणींनी विचारलं की चेहरा का असा, म्हणून मग चेहरा पण सांभाळायचा. या सगळ्यात मी एकाच गोष्टीला धरून उभी होते, लोकलमधल्या कडीला धरतात तशी. ८ वाजता घरी, मऊ वरणभात, वर तूप, लिंबू, पंखा २ वर आणि कोणी काही बोलायचं नाही.

दार उघडलं तर नवरा तयार होऊन उभा. "कुकर लावला नाहीये, चल बाहेर जेवू, सरप्राइझ!"

इथून पुढचं नीट सांगायचा प्रयत्न करते. मला राग आला नव्हता, त्याच्यावर तर अजिबातच नाही. आधी त्याचं बोलणं कळेनासं झालं, म्हणजे शब्द ऐकू येत होते पण ते मराठी आहेत एवढंच समजत होतं. मग हातांना मुंग्या, कानात दडे, घाट उतरताना बसतात तसे. नजर अरुंद होत गेली आणि शेवटी त्याच्या शर्टाचं तिसरं बटण तेवढं दिसत होतं. मग कुठूनतरी एक आवाज यायला लागला, मी मान वळवून बघितलं कोण ओरडतंय, तर तो माझ्याच घशातून येत होता.

त्यानंतरचं सलग आठवत नाही. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या मधे मी बसलेली, मांडीवर मूठ मारतेय. दुखत नव्हतं, उलट तेवढी एकच गोष्ट होती जी नक्की कुठे आहे ते कळत होतं. नवरा दारात, काय झालं, सांग तरी, मी काही चुकीचं बोललो का. बिचाऱ्याने प्रेमानेच विचारलं, पण उतू जाणाऱ्या पातेल्यात कोणी अजून एक फुलपात्र दूध ओतावं तसं प्रत्येक प्रश्नागणिक होत होतं. उत्तर द्यायला शब्दच नव्हते. म्हणजे सांगायचं नव्हतं असं नाही, तोंडापर्यंत शब्द येण्याचा रस्ताच बंद होता.

चाळीसेक मिनिटं गेली. मग एकदम सगळं ओसरलं आणि मी तिथेच गार फरशीला गाल लावून झोपले. दुसऱ्या दिवशी अंग ठेचून काढल्यासारखं, ताप येऊन गेल्यावर असतं तसं. ऑफिसला पोट बिघडलंय म्हणून कळवलं. आणि लाज. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ऐकलं असेल का, याच्यावर मी पुढचे चार दिवस घालवले.

नवऱ्याने रात्री साडेअकराला वरणभात केला. पातेल्यात, शिट्टी नको म्हणून. तासभर लागला त्याला.

लोकांना वाटतं की हॉटेलात जायला नको म्हणून एवढं? तेवढंच सांगायला धागा काढलाय. असं सगळं उतू जाण्याला मेल्टडाऊन म्हणतात, आणि माझा तो सकाळच्या लोकलमधेच सुरू झाला होता, सरप्राइझ फक्त शेवटचं होतं. अजून कोणाला असं होतं का? आतून कसं वाटतं ते लिहा.

टवाळ_टिंग्या
आमच्या सौ. ना तर रोज संध्याकाळी होतो हा मेल्टडाऊन 😀 (हलके घ्या)

आवळासुपारी
टिंग्या, प्रत्येक धाग्यावर पिचकारी टाकलीच पाहिजे असं नसतं रे.
कुंपणावरची, वाचून पोटात खड्डा पडला. लिही अजून.

चिमण्याची_आई
मी हे दोनदा वाचलं आणि नवऱ्याला पण वाचून दाखवलं. माझा मुलगा ९ वर्षांचा, पुण्यात असतो आम्ही, निदान तिसऱ्या वर्षी. तो बोलतो पण त्या वेळचं त्याला सांगता येत नाही, नंतर विचारलं तर "डोक्यात खूप गाड्या" एवढंच म्हणतो. तुझं ते शब्दांचा रस्ता बंद होणं वाचून ते आत्ता कुठे समजलं.

मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकांपर्यंत पठ्ठ्या छान बसला होता, कॉलर ओढत होता आणि "किती वाजले" सारखं विचारत होता, साधारण वीस वेळा विचारलं असेल. मला तेव्हाच कळायला हवं होतं पण मी साडी, आहेर, फोटो यात. शेवटचं सावधान झालं आणि एकाच सेकंदात बँड, टाळ्या, फटाक्यांची माळ आणि मागून कोणीतरी उधळलेल्या अक्षता थेट त्याच्या मानेत, कॉलरच्या आत. तो खाली पडला, डोकं आपटायला लागला, मी हात मधे घातला तर हाताला कडाडून चावला, अजून व्रण आहे. आजूबाजूला गोल रिंगण. एक काका म्हणाले दोन रट्टे द्या गप्प होईल, मोठ्या जाऊबाई मीठमोहऱ्या शोधायला गेल्या, नजर लागली म्हणून. आणि मी त्या तांदळांवर बसून रडत होते. तो सांभाळायचा की लोकांचे चेहरे वाचायचे?

एक सांगू का, हट्ट पण करतो तो, खोटं कशाला बोला. चॉकलेटसाठी आडवा पडतो तेव्हा एका डोळ्याने बघत असतो मी बघतेय की नाही, आणि मिळालं की संपलं. लग्नाच्या कार्यालयात मी त्याला अख्खी चॉकलेटची पिशवी दिली असती तरी त्याला ती दिसली नसती.

नाना_सातारकर
धागा वाचला. वाईट वाटले. तथापि आमच्या वेळी असले काही नव्हते हेही खरे. आठ भावंडांत कोणाला वरणभात हवा आणि कोणाला सरप्राइझ हे विचारायला आईला वेळ नव्हता. हल्ली प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव देऊन लाड चालतात. शिस्त नावाची गोष्ट असते. राग नसावा.

गोधडी_ताई
नाना, ऑटिझम हे निदान १९४३ चं आहे, तुमच्या बालपणाच्या आगेमागेच असेल 🙂

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजचे व्यवहार जमायला मदत करते, १४ वर्षं मुलांबरोबर काम करतेय. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मधे ११ मुलांवर जो लेख लिहिला तिथून ऑटिझम हे निदान सुरू झालं. त्या लेखातच आहे की ही मुलं मोठ्या आवाजांना आणि हलणाऱ्या वस्तूंना विलक्षण घाबरतात, आणि यादी काय तर लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, वाहतं पाणी, अंडी फेटायचं यंत्र, एखाद्या वेळी नुसता वारा. म्हणजे पहिल्याच कागदावर होतं. पण निदानाच्या अमेरिकी पुस्तकात आवाज-स्पर्श-उजेड यांचा त्रास हा निकष म्हणून यायला २०१३ उजाडलं. मधली सत्तर वर्षं तो बरेचदा हट्टच समजला गेला.

कुंपणावरची, तुझ्या लिखाणात अजून एक आहे जे लोकांच्या लक्षात येत नाही. दिवसभरात तू कुठेही "मला त्रास होतोय" असं म्हटलेलं नाहीस. लपवलंस ते वेगळं, पण बरेचदा माणसाला स्वतःलाच कळत नाही. भूक लागलीय की चिडचिड होतेय की शू लागलीय, आतले निरोप धड पोचत नाहीत. स्वतःच्या भावना ओळखता न येणं याला अलेक्सिथायमिया म्हणतात, आणि ऑटिस्टिक लोकांत साधारण निम्म्यांना तो असतो. एकदम भडका उडाला असं बाहेरून वाटतं कारण आतला धूर त्यालाही दिसलेला नसतो.

आयांसाठी एक प्रॅक्टिकल: मेल्टडाऊन अचानक वाढले तर आधी दात, कान आणि पोट तपासून घ्या. माझ्याकडे एक मुलगा महिनाभर "बिहेवियर प्रॉब्लेम" म्हणून येत होता, निघाली किडलेली दाढ.

भटकतोय
मी पण स्पेक्ट्रमवर, म्हणजे ऑटिस्टिकच, मूळ नागपूरचा, सध्या यूकेत. माझं ओरडाबिरडा काही होत नाही, मी बंद पडतो. इथे त्याला शटडाऊन म्हणतात. मीटिंगमधे पाच जण एकदम बोलायला लागले आणि वर फायर अलार्मची टेस्ट असली की मला वाटतं मी काचेच्या मागे गेलो, सगळे मासे झाले, तोंडं हलताहेत. डोळे एका जागी अडकतात. बोट हलवायचं म्हटलं तर आधी अर्ज करावा लागतो आणि मंजुरी येत नाही. लोकांना वाटतं किती शांत माणूस आहे. शाळेत सर म्हणायचे हा मख्ख आहे, छड्या खाऊनही रडत नाही. अरे बाबा रडायला तिथे हजर तर असायला पाहिजे ना.

मेल्टडाऊनवाल्यांना निदान कोणीतरी बघतं. आमच्याकडे कोणी बघत नाही, हा त्यातला फायदाही आहे आणि तोटाही.

इथे काही सुपरमार्केटात ठरावीक तास शांत असतो, गाणी बंद, स्पीकरवरच्या सूचना बंद. मी तेव्हाच जातो. बायको म्हणते तू तासभर कांदे बघत बसतोस. मस्त शांततेत कांदे बघायला मिळतात तर का नाही बघायचे.

शुद्धलेखन_पोलीस
अवांतर: मेल्टडाऊनला मराठी शब्द काय? भावनिक उद्रेक?

कुंपणावरची
उद्रेक नको बाई, उद्रेक डेंग्यूचा होतो. आणि भावनिक तरी कुठे, मला त्या वेळी भावना अशी काही नसतेच, नुसतं खूप असतं. कशाचं खूप ते माहीत नाही.

@भटकतोय, मासे 😄 अगदी. मला दोन्ही होतं, ऑफिसात तुझ्यासारखं आणि घरी माझ्यासारखं. घरी होतं कारण तिथे झालं तरी चालतं हे शरीराला माहीत असतं. नवऱ्याला हे पटायला दोन वर्षं लागली, त्याचं म्हणणं की बाहेर सगळ्यांशी गोड आणि माझ्यावरच का.

चिमण्याची_आई
उतू जाणं. तूच लिहिलंयस वर. आमच्याकडे आता तेच म्हणतो, "आज उतू जायच्या बेतात आहे." आणि उतू जाताना फुंकर मारून काय होतं, तेवढ्यापुरतं. गॅसच बंद करावा लागतो.

मुकाट_नवरा
धागा नवरेमंडळींनी पण वाचावा म्हणून वर आणतोय. माझ्या बायकोचं निदान मागच्या वर्षी झालं. मला सरळ प्रश्न विचारायचाय, त्या वेळी मी नक्की करायचं काय? जवळ घेतलं तर ढकलते, लांब गेलो तर नंतर म्हणते सोडून गेलास. मी उभाच राहतो दारात मठ्ठासारखा.

कुंपणावरची
मठ्ठासारखा उभा राहणं बरंच बरोबर आहे खरं तर. फक्त बसा. उभ्या माणसाची सावली पडते आणि तो कधीही पुढे येईल असं वाटतं.

आमचं आता जे ठरलंय ते लिहिते, तिला शांत असताना दाखवा आणि तिचं वेगळं असेल तर तिचं धरा. तो मोठा दिवा बंद करतो, पंखा सोडून सगळं बंद, टीव्ही म्यूट नाही, बंद. मोबाइल सायलेंट. दारात खाली बसतो पाठ करून, म्हणजे तो आहे हे मला दिसतं पण त्याचा चेहरा मला वाचावा लागत नाही. प्रश्न शून्य. मी डोकं आपटायला लागले तर भिंतीच्या आणि डोक्याच्या मधे उशी सरकवतो, हात धरत नाही. धरलं की मला वाटतं कोणीतरी पकडलंय, आणि मग मी खरंच मारेन. पाण्याची बाटली हाताला लागेल अशी ठेवतो, "पाणी हवंय का" असं विचारत नाही.

आणि माझ्या आजीची वाकळ. नऊवारी लुगड्यांची, इतकी जड की धुवायला दोघं लागतात. ती अंगावर टाकायची पण आधी माझ्या पायाजवळ ठेवायची, मी ओढली तरच.

नंतर दुसऱ्या दिवशी चर्चा नको, तिसऱ्या दिवशी चालते.

गोधडी_ताई
वाकळ! आमच्याकडे पालक वजनदार ब्लँकेट म्हणून हजारो रुपये घालवतात. एक सांगते, चमत्कार नाही तो. २०१४ मधे ब्रिटनमधे ऑटिस्टिक मुलांवर नीट चाचणी घेतली, त्या ब्लँकेटने झोप काही वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते आवडलं. म्हणून बरं वाटत असेल तर वापरा, घरात गोधडी असेल तर विकत घेऊ नका. लहान मुलाला स्वतःहून बाजूला सारता येईल एवढीच जड हवी आणि तोंडावर कधीच नको.

बाकी वरच्या पोस्टमधे माझ्या फीचे पैसे वाचले सगळ्यांचे.

नाना_सातारकर
मी कालपासून विचार करतोय. आमच्या वाड्यात एक मुलगा होता, नाव सांगत नाही. गणपतीत ढोल-लेझीम आले की हा शिडीने माळ्यावर जायचा तो थेट रात्री उतरायचा. जेवणाचे ताट काकू वर द्यायच्या. आम्ही त्याला माळ्यावरचा बोका म्हणत असू. त्याला कोणी खाली ये म्हटले नाही की रट्टे दिले नाहीत. तेही लाडच म्हणायचे का? मला उत्तर नको आहे, नुसते आठवले म्हणून लिहिले. पुढे तो टपाल खात्यात लागला आणि सगळ्या गावांचे पिनकोड त्याला पाठ होते.

तरी फाजील लाड नकोत या मताशी मी ठाम आहे.

कुंपणावरची
नाना, माळ्यावर ताट! माझ्या वन बीएचकेत माळ्यावर सुटकेसा आहेत म्हणून मी वॉशिंग मशीनमागे बसते.

चिमण्याची_आई
गणपतीवरून आठवलं, पोटात आत्ताच गोळा आलाय. आमच्या सोसायटीची मिरवणूक बरोब्बर आमच्या बाल्कनीखाली थांबते. मागच्या वर्षी ढोल सुरू झाल्यावर मी त्याला बाथरूममधे घेऊन बसले, नळ सोडून. सोसायटीत सांगायला गेले तर एकासाठी सगळ्यांनी सण करायचा नाही का म्हणाले. मी बंद करा म्हटलंच नव्हतं!

नाना_सातारकर
मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, दुसरी बाजू सांगतो. नियम आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकते. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल हेही नियमात आहे, ते कोणी पाळत नाही, आम्हीही नाही. पण तुम्हाला नक्की काय हवे ते सांगितलेत तर माणूस काही करू शकतो. आवाज बंद करा आणि वेळ सांगा यात फरक आहे.

चिमण्याची_आई
वेळच हवी नाना. किती वाजता सुरू, किती वाजता संपणार. त्याला घड्याळ कळतं, ७ ला सुरू आणि ७.३० ला संपणार म्हटलं तर तो तीस मिनिटं दात-ओठ खाऊन काढतो. कधी संपणार ते माहीत नसलं की उतू जातं.

नाना_सातारकर
मिरवणूक वेळेवर निघण्याची हमी साक्षात गणपतीही देणार नाही. पण तुमच्या सेक्रेटरीला हे असेच, याच शब्दांत लिहून द्या. बंदीचा अर्ज वाटला की माणसे बिथरतात.

भटकतोय
आणि बांधकामावर वापरतात ते इअरमफ घ्या, हेडफोनसारखे दिसणारे, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. महागडे नॉइज कॅन्सलिंग एकसारख्या घरघरीला भारी, ढोलाच्या ठोक्याला तेवढे नाही. आधी घरी घालायची सवय लावा, थेट मिरवणुकीच्या दिवशी डोक्यावर चढवलेत तर तोच नवीन त्रास होईल.

आवळासुपारी
वाचनखूण साठवली आहे.

चिमण्याची_आई
(धागा वर काढतेय, विसर्जन झालं.)

सेक्रेटरींना लिहून दिलं. ग्रुपवर मेसेज आला, "मिरवणूक सी विंगखाली ७.०० ते ७.२०." पिवळे इअरमफ आणले, आठवडाभर होमवर्कला घालून बसवलं. ७ वाजता आम्ही तयार, तो घड्याळासमोर. मिरवणूक आली ९.१० ला!! दोन तास मी ग्रुपवर मेसेज करतेय, उत्तर एकच, "निघालोय." साडेआठला त्याचं कॉलर ओढणं सुरू झालं तेव्हा आम्ही सरळ बेडरूममधे गेलो, दिवा बंद, सासूबाईंची गोधडी, मी दाराशी पाठ करून. ढोल वाजले तेव्हा तो गोधडीत पूर्ण आत, इअरमफ लावून, मोठ्याने आकडे मोजत होता. १,१८४ पर्यंत गेला. ओरडला नाही. चावला नाही. रडला थोडा.

ढोल थांबल्यावर डोकं बाहेर काढून पहिलं वाक्य काय, "सात वीस नाही, नऊ अडतीस. त्यांनी खोटं लिहिलं." सकाळी सेक्रेटरी लिफ्टमधे भेटले तर त्यांनाही हेच सांगितलं तोंडावर. ते म्हणाले सॉरी.

एक विचारायचं होतं, त्या इअरमफच्या गाद्या निघतात का? घामाने भयंकर वास मारताहेत आणि हा आता ते डोक्यावरून काढायलाच तयार नाही.

भटकतोय
निघतात, कडेने नख घालून ओढा. साबणाच्या पाण्याने धुवा पण वासाचा साबण नको. रात्री झोपल्यावर काढा आणि सकाळी उठायच्या आत परत लावा.